यंत्रशुद्धीचं गाऱ्हाणं

कीर्तनाला नेमाने बसणाऱ्या माणसाला एक खोड जडते. साध्या गोष्टीतसुद्धा त्याला दृष्टांत दिसायला लागतो. गुरुदास तिरोडकरांना ही खोड इतकी होती, की हायस्कुलात हेडक्लार्कच्या खुर्चीवर बसून एखाद्याची रजा नाकारतानाही ते आधी ध्रुवाची गोष्ट सांगत. अर्जदाराला रजा मिळत नसे, पण बाहेर पडताना तो डोळे पुसत पडे. खोड सात्त्विक, घरच्यांना त्रास नाही. पण एका दृष्टांतापायी सबंध गावाचा बारा वर्षांनी झालेला समेट पाण्यात जाईल, असं एकोणनव्वद सालच्या दसऱ्याला कुणी सांगितलं असतं, तर आंबेरखोलात त्याला वेड्यात काढलं असतं.

पाण्यात म्हणजे खरोखरच्या पाण्यात. तांब्याभर पाणी, पाच आंब्याची पानं, वर एक नारळ. ओघाओघाने येईलच ते.

मसुऱ्याहून खाडीच्या कडेकडेने चालत राहिलं की आंबेरखोल लागतं. गावात लिंगेश्वराचं देऊळ आणि कार्तिकात देवळात हरिनाम सप्ताह. सात दिवस, दिवसाला आठ पहारे, एकूण छप्पन्न. गावच्या वाड्याही सातच. एका वाडीचं भजन संपत आलं की दुसरीने झांजा उचलायच्या. नाम म्हणून तुटायचं नाही. साठ वर्षांत ते तुटलं नव्हतं. बाकी जे काही तुटण्यासारखं असतं, डोकी, सोयरिकी, कुंपणं, ते मात्र तुटून झालं होतं. संध्याकाळचा पहारा प्रत्येक वाडीला हवा, कारण ऐकायला बायकामाणसं असतात आणि चहा ताजा असतो. पहाटे तीनचा कुणालाच नको, कारण तेव्हा ऐकायला एकटा देव. बारा वर्षं वाद घातल्यावर कोणत्या वाडीचा कोणता पहारा याची एक यादी सर्वांनी मान्य केली. ती देवस्थानच्या वहीत, गुरुदासांच्या वळणदार अक्षरात होती. यादीत सगळा गाव होता. गुरुदास तेवढे नव्हते.

याला कारण आडनाव. आजोबा तिरोड्याहून आले, इथेच राहिले, इथेच गेले. तीन पिढ्या झाल्या, तरी देवळात तिरोडकर हे पाहुणेच. नारळ फुटला की शिवा गुरव मानकऱ्यांची नावं क्रमाने घेई. पहिला मान दाजींचा, मग खारवाडी, मग माळवाडी, आणि सगळे संपले की दम घेऊन म्हणे, "आनी इतर." इतर म्हणजे गुरुदास. इतरांच्या ओंजळीत जे पडे त्यात कधी खोबरं असे, कधी नुसतीच करवंटी. गुरुदास ती भक्तिभावाने कपाळाला लावत.  मात्र त्या दिवशी ते एक भाकरी कमी खात, हे त्यांच्या बायकोला, सुनीतीला, बरोबर ठाऊक होतं.

अशा वेळी गावात कम्प्युटर आला.

गुरुदासांचा पुतण्या बाबू मुंबईला एका साबणाच्या कंपनीत होता. कंपनीने नवी यंत्रं घेतली, आणि जुन्यातलं एक गावच्या मुंबईकर मंडळाने मागून घेऊन देवळाला अर्पण केलं. देवळातला पंखा, घड्याळ, सतरंजी या सगळ्यांवर जसं मंडळाचं नाव होतं, तसंच ते कम्प्युटरवरही लाल ऑइलपेंटने घालण्यात आलं: 'श्री देव लिंगेश्वर चरणी सप्रेम.' पेंटरचा अंदाज थोडा चुकला आणि 'प्रेम' काचेवर उतरलं. त्यामुळे त्या पडद्यावर पुढे जे जे उमटलं, ते प्रेमाच्या खालीच उमटलं.

बाबूने तीन दिवस राहून काकांना शिकवलं आणि गुरुदासांनी महिनाभरात सगळा गाव इंग्रजी अक्षरांत आत घातला. छप्पन्न पहाऱ्यांची यादीही घातली. मग जुन्या वहीचं काय करायचं? तिला वाळवी लागली होती, पण प्रत्येक पानाच्या माथ्यावर देवाचं नाव. ते रद्दीत कसं टाकायचं? द्वादशीला निर्माल्याबरोबर, वर दिवा लावून, गुरुदासांनी वही खाडीत सोडली.

"वही कित्याक बुडयतास?" सुनीती म्हणाली. "रवांदे माळ्यार. भाकर खाता ती?"

"अगो, साप कात टाकतो," गुरुदास म्हणाले, "तो पुन्हा ती पेटीत घालून ठेवतो काय?"

दृष्टांत बिनतोड होता. वही ओहोटीबरोबर डुलत डुलत गेली.

पुढे वर्षभरात यंत्र मंदावलं. गुरुदासांनी गावातल्या प्रत्येक माणसाची वेगळी फाइल केली होती. अशा अकराशेबारा फाइली, आणि त्यांच्या खाली साबण कंपनीची जुनी पत्रं आ वासून पडलेली. एखादं नाव मागितलं की यंत्र घरघरायचं, लाल दिवा मिचकवायचं आणि विचारात पडायचं. गुरुदास घरी जाऊन चहा घेऊन येत, तरी ते विचारातच असे.

गावाने उपाय सुचवले. दाजी म्हणाले, "वायच उन्हात ठेवा, आंग मोकळा होतला." शेजारची माई म्हणाली, "कोणाची तरी दीठ लागली. मीठमिरशी ओवाळा." आणि नुसतं सांगून न थांबता ती ओवाळून गेली. धूर नको तिथे शिरला आणि यंत्र दोन दिवस शिंकल्यासारखं आवाज करत राहिलं. वीज कचेरीतला लाइनमन गंगाराम म्हणाला, "होल्टेज." गंगारामला कशाचंही कारण विचारा, तो होल्टेजच सांगे. त्याच्या मेहुणीचं लग्न मोडलं तेव्हाही तो तेच म्हणाला होता.

शेवटी गुरुदासांनी बाबूला पत्र घातलं. त्याचं उत्तर आलं.

'काका, यंत्र म्हातारं झालं नाही, अडगळीने भरलंय. आतलं सगळं पुसून नव्याने डॉस बसवा. डॉस म्हणजे यंत्राला जागं करणारी मूळ आज्ञावली. ती एका फ्लॉपीवर घालून पाठवतो. मात्र आधी पहाऱ्यांची यादी आणि नावं दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवा आणि ती जिवापलीकडे सांभाळा. मग पुसायचा हुकूम द्या. यंत्र एकदा विचारील, सगळं नाहीसं होईल, करू का? न घाबरता होय म्हणा.'

फ्लॉपी म्हणजे पापडासारखी पातळ, काळी, चौकोनी चकती, मध्ये भोक. बाबूने पाकिटावर ठळक लिहिलं होतं, 'मोडू नये'. टपालवाल्यांनी ते वाचलं आणि पाळलंही. कुणीही मोडली नाही. फक्त रजिस्टर असल्यामुळे तारखेचा शिक्का पाच वेळा, हात उंच उचलून, नेमका मध्यावर मारला. गुरुदास मग एसटीने कणकवलीला गेले. तिथल्या एका टायपिंग क्लासवाल्याकडून त्यांनी डॉसची दुसरी फ्लॉपी करून आणली आणि परतीच्या सबंध वाटेत ती छातीशी दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. "कोण आजारी आसा?" शेजारच्या बाईने हळूच विचारलं. तिला तो एक्स-रे वाटला. गुरुदास म्हणाले, "यंत्र." बाईने चुकचुकून त्यांना बसायला जागा दिली.

आता देवस्थानची वस्तू पुसायची, तर सभा हवी. सभा झाली. ठराव क्रमांक तीन: 'देवस्थानच्या मालकीचे यंत्र आतून पुसण्यास ही सभा मंजुरी देत आहे.' 'आतून' हा शब्द मुद्दाम घालावा लागला, कारण बाहेरचं मंडळाचं नाव पुसलं जाईल अशी एक हरकत निघाली होती. ठराव मंजूर होणार, एवढ्यात दाजींनी हात वर केला. दाजी म्हणजे गावचे पहिले मानकरी. सत्तरीचे, अंगाने काटक, आवाज मात्र दोन माणसांचा.

"क्लार्कानू, सगळा बरा. पण पुसलेली नावां जातली खंय?"

गुरुदास उठले. कोटाचं बटण लावलं. उपरणं सारखं केलं. असा प्रश्न माणसाच्या आयुष्यात एकदाच येतो आणि त्या वेळी समोर श्रोते असावे लागतात.

"मंडळी," ते म्हणाले, "गाभाऱ्याची डागडुजी करायची झाली तर आपण देवाला उघड्यावर ठेवतो? नाही! देवाचं तत्त्व आपण कलशात उतरवतो. कलश जपून बाजूला ठेवतो. मग गाभारा धुऊन पुसून लख्ख करतो, आणि कलशातलं तत्त्व पुन्हा मूर्तीत आणतो. तसंच हे. यंत्र हा गाभारा. यादी हे तत्त्व. आणि ही फ्लॉपी..." इथे त्यांनी फ्लॉपी उंच धरली, "...ही फ्लॉपी म्हणजे कलश!"

टाळ्या पडल्या. माई डोळ्यांना पदर लावत होती. दाराशी उभा असलेला शिवा गुरव मान डोलावत होता, अगदी तल्लीन होऊन. एखादा दृष्टांत श्रोत्यांच्या कानात बसतो, एखादा काळजात. हा शिवाच्या हातात बसला.

उरली वीज. पुसणं चालू असताना वीज गेली तर यंत्र अर्धवट राहील, असं टायपिंग क्लासवाल्याने बजावलं होतं. गुरुदास वीज कचेरीत गेले. तिथे साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"वीज गेल्याची तक्रार असल्यास नमुना ब भरा."

"गेलेली नाही. गुरुवारी दहा ते अकरा जाऊ नये, एवढीच विनंती आहे."

"न गेलेल्या विजेची तक्रार आगाऊ घेता येत नाही. आधी जाऊ द्या, मग या."

गंगाराम बाहेर व्हरांड्यात उभा होता. त्याने गुरुदासांच्या खांद्यावर हात ठेवला. "काळजी करू नकात. मी डीपीखाली चटय घालून बसान रवतंय. माझ्या आंगावरसून जातली तर जाईल वीज."

देवाचा कौलही घेतला. मूर्तीला पाणी लावून दोन बाजूंना फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. दीड तास एकही पडेना. "देव पण मंदावलो," कुणीतरी पुटपुटलं आणि दाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्या नजरेच्या वाऱ्याने उजवी पाकळी पडली.

गुरुवार उजाडला. सप्ताहाला पाच दिवस उरले होते. बुधवारी संध्याकाळीच गुरुदासांनी यादी फ्लॉपीवर उतरवली होती आणि गाभाऱ्याइतकी सुरक्षित जागा गावात नाही म्हणून ती शिवाच्या हाती दिली होती. "शिवा, गावाचो जीव आसा ह्या. सांभाळ." शिवाने ती कपाळाला लावून घेतली होती.

आता इथे, गोष्ट ऐन रंगात आली असताना, आंबेरखोलच्या लोकांची एक सवय सांगितली पाहिजे. देवापुढे गाऱ्हाणं घातलं जातं, तेव्हा घालणारा प्रत्येक मागणीच्या शेवटी 'म्हाराजा' म्हणून आवाज सोडतो आणि जमलेले सगळे 'होय म्हाराजा!' म्हणतात. आईच्या कडेवर असल्यापासून हे कानात पडतं. ते मग माणूस म्हणत नाही, त्याच्यातून निघतं. एकदा हायस्कुलात शिक्षणाधिकारी छत्रपतींवर भाषण करताना आवेशाने "असा होता तो महाराजा!" म्हणून थांबले, तर साऱ्या शाळेने, शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत, "होय म्हाराजा!" करून कौलं हलवली होती. त्यात गुरुदासांचा आवाज सगळ्यांत वर होता.

देवळाच्या बाजूच्या कचेरीत यंत्र होतं. दार, खिडकी, खिडकीचा कठडा, सगळीकडे माणसं. यंत्रापुढे नारळ फुटला. पेटीवर तीर्थ शिंपडू नये म्हणून गुरुदासांनी हात जोडले, तेव्हा दाजींनी टेबलाच्या पायावर शिंपडून समाधान मानलं. पलीकडे चौरंगावर हळदकुंकवाची बोटं ओढलेला कलश होता. पूजेचा असेल, असं गुरुदासांना वाटलं. तो होताच पूजेचा.

त्यांनी डॉसची फ्लॉपी खाचेत सरकवली. हुकूम टाइप केला. पडद्यावर, प्रेमाच्या खाली, हिरवी इंग्रजी अक्षरं उमटली. गुरुदासांनी ती मोठ्याने वाचून अर्थ सांगितला. "यंत्राच्या आतल्या चकतीवरचं सगळं नाहीसं होईल. पुढे जाऊ? होय असल्यास वाय, नाही असल्यास एन."

कठड्यावरची माणसं आणखी आत वाकली.

"म्हणजे," दाजी हळू आवाजात म्हणाले, "ह्या पण कौल मागता!"

"तसंच म्हणा."

"मगे गाऱ्हाणा घालूक होया. कळ दाबू नकात. वायच रवा." आणि दाजी उपरणं कमरेला बांधून, घसा खाकरत पुढे झाले.

तेवढ्या वेळात गुरुदास शिवाकडे वळले. "शिवा, ती कालची फ्लॉपी दी. हाताशी असलेली बरी."

"ती काय तुमच्या म्होरंच आसा," शिवा म्हणाला.

"खंय?"

"कलशात."

"कलशाखाली म्हणतंस?"

"खाली कित्याक? कलशात! तुम्हीच सभेत सांगलास मा? काल सांजेक सोवळ्यात सोडलंय. वायच मोठी होती, तोंडातसून जाय ना. म्हणान घडी घातलंय." आणि गुरुदासांचा चेहरा पाहून त्याने धीर दिला, "पाणी खाडीचा न्हय हां. देवाच्या बावडीचा."

गुरुदासांनी कलशावरचा नारळ उचलला. आत हळदीच्या पिवळ्याधमक पाण्यात, तुळशीपत्राखाली, आंबेरखोलच्या छप्पन्न पहाऱ्यांची चारपदरी घडी तरंगत होती. विडा लावल्यासारखी.

 मग आठवलं, अजून काही गेलं नाही! यंत्राच्या पोटात यादी तशीच आहे. एन दाबायचा की संपलं. एकच कळ. त्यांनी एनच्या दिशेने बोट नेलं.

आणि दाजींचा आवाज लागला.

"बा देवा लिंगेश्वरा! आज जी काय ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत, तेंची सेवा गोड करून घी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" देऊळ घुमलं. गुरुदासांच्याही तोंडून निघालं. आणि तोंडाबरोबर बोटही गेलं. एनकडे निघालेलं बोट वाटेतून उठलं आणि होयवर पडलं. पडद्यावर हिरवा वाय उमटला.

तरी घात झाला नव्हता. अजून एंटर दाबायचं बाकी होतं. वाय खोडता येत होता. गुरुदास खोडायची कळ शोधू लागले.

"आनी बा देवा! ह्या यंत्राच्या पोटात जा काय सडला-कुजला आसात, ता भायर घाल. आनी तुझो सेवक, आमच्या गावचो गुरुदास तिरोडकर..."

गुरुदासांचा हात थांबला. देवापुढे, दाजींच्या तोंडून, आपलं नाव? तीन पिढ्यांत प्रथमच. इतर नव्हे. गुरुदास तिरोडकर. आणि वर, आमच्या गावचो! त्यांच्या डोळ्यांत पाणी तरारलं. पडदा दिसेना, कळा दिसेनात.

"...तेणी जा काम हातात घेतल्यान आसा, ता तडीक ने रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!!" असा होकार गुरुदासांनी आयुष्यात दिला नव्हता. बेंबीच्या देठापासून आला. आणि त्या होकाराच्या भरात त्यांचा उजवा हात टेबलावर जो आपटला, तो सगळा पंजाच्या पंजा एंटरवर.

यंत्राने समाधानाने घरघर सुरू केली.

"थांबवा!" गुरुदास ओरडले आणि प्लगकडे झेपावले. पण दाजींनी त्यांचं मनगट धरलं. गाऱ्हाणं चालू असताना कुणी जागचं हलायचं नाही, हा नियम. "गंगाराम! वीज घालव! पाया पडतंय, वीज घालव रे!" आंबेरखोलच्या इतिहासात वीज जावी म्हणून कुणी आळवणी करण्याची ही पहिलीच खेप. पण दूर डीपीखाली चटईवर बसलेल्या गंगारामाला काही ऐकू आलं नाही. आणि त्या दिवशी वीज गाभाऱ्यातल्या समईसारखी तेवत होती. लुकलुकलीसुद्धा नाही.

अर्धा तास पडद्यावर आकडे चढत होते. लोकांनी आकड्यांवर टाळ्यांचा ठेका धरला. शेवटी काम पुरं झाल्याची अक्षरं उमटली आणि माईने यंत्रावर तांदूळ उधळले.

"आता दाखवा वेग," दाजी म्हणाले. "मागा यादी."

गुरुदासांनी मेल्या हाताने यादी मागितली. पूर्वी इतक्यात चहा होऊन जाई. आता कळेवरून बोट उचलायच्या आत उत्तर आलं: अशी फाइल नाही.

"बघा! काय वेग!" लोक म्हणाले. "इचारूच्या आधी सांगता!"

मग गुरुदास तिथेच खाली बसले आणि त्यांनी जे झालं ते सांगितलं. 

दाजींनी विचारलं, "वही?"

"खाडीत सोडली."

"फ्लॉपी?"

"कलशात."

"आनी यंत्रातली?"

"आत्ताच. तुमच्या देखत."

दाजींनी कमरेचं उपरणं सोडलं. "क्लार्कानू," ते म्हणाले, "काम इतक्या नेटान केलेलो माणूस मी बघूक नाय. एक पण वाट उघडी ठेवल्यात नाय."

दुसऱ्या दिवशी गुरुदास वहीपेन्सिल घेऊन वाड्यावाड्यांतून फिरले. ज्याला जो आठवतो तो पहारा सांगा. माणसाची स्मरणशक्ती ही ईश्वराची देणगी आहे, आणि ईश्वर आंबेरखोलवर विशेष प्रसन्न होता. संध्याकाळचे पहारे सातही वाड्यांना आपलेच म्हणून स्वच्छ आठवत होते. पहाटे तीनचा कुणालाच आठवेना. छप्पन्न पहाऱ्यांवर एकशे तेरा दावे जमले आणि पहाटेच्या सात रकान्यांपुढे भोपळा. बारा वर्षांचं भांडण एका दुपारीत नव्याने जन्माला आलं, चांगलं दात घेऊनच. यंदा नाम तुटणार. साठ वर्षांचं. आणि तुटणार ते तिरोडकरांच्या हातून.

गुरुदास घरी आले आणि प्रमाण मराठीत हायस्कुलाच्या नोकरीचा राजीनामा लिहायला बसले. 'प्रकृतिअस्वास्थ्यामुळे' हा शब्द त्यांनी तीनदा लिहिला.

"काय चाल्लाहा?" सुनीतीने विचारलं.

"आपण तिरोड्याक जावया रवाक."

"थय आपल्याक कोण वळखता? तिरोड्यात तुमका आंबेरखोलकर म्हणतले," सुनीती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

तिकडे दाजींनी वाद ऐकून ऐकून शेवटी फर्मान काढलं. "यादी नाय तर नाय. ज्येका वाटता ह्यो माझो पहारो, तेणी येवचा. देव काय यादी बघून ऐकता?"

सप्ताह सुरू झाला. आपला पहारा चुकून दुसऱ्याकडे गेला तर कायमचा जाईल, या धास्तीने पहिल्याच पहाऱ्याला सातही वाड्या हजर. सात पेट्या, सात पखवाज, झांजांची तर गणतीच नाही. देवळाचा गजर तोंडवलीपर्यंत ऐकू गेला म्हणतात. आणि पहाटे तीनचा, बेवारशी? 'तो तुमचोच होतो, तुम्ही झोपलास' असं उद्या दुसऱ्या वाडीने म्हणू नये, म्हणून त्याला तर लोक दुलया पांघरूनच, पण झाडून सगळे आले. साठ वर्षं ज्या वेळी देव आणि एक जांभया देणारा झांजवाला एवढेच असत, तिथे बसायला जागा नाही. खारवाडी आणि माळवाडी, ज्यांचं एकमेकांकडचं खाणंपिणं तुटलेलं होतं, ती एकाच सतरंजीवर एकमेकांच्या मांडीला मांडी लावून गात होती. कारण दुसरी सतरंजी उरलेली नव्हती.

गुरुदास घरात पांघरूण ओढून पडले होते. ऐकता ऐकता त्यांच्या पायाचा अंगठा ताल धरू लागला. तिसऱ्या दिवशी त्यांनी पांघरूण फेकलं, राजीनामा खिशात घातला आणि शेवटच्या रांगेत, खांबाआड, जाऊन बसले. उरलेले दिवस ते तिथून उठलेच नाहीत.

काल्याचं कीर्तन झालं. दहीहंडी फुटली. नारळ फुटला आणि शिवा गुरव नावं घेऊ लागला. दाजी. खारवाडी. माळवाडी. एकेक करून मानकरी संपले. गुरुदासांनी सवयीने ओंजळ पुढे केली.

शिवाने दम घेतला आणि दाजींकडे पाहिलं. दाजींनी मान हलवली.

"यंत्राचे मानकरी," शिवा खणखणीत आवाजात म्हणाला, "गुरुदास तिरोडकर!"

खांबाआडून गुरुदास उठले आणि पुढे झाले. ओंजळीत पडलं ते भकल, अर्धा नारळच, खोबऱ्याने भरलेला, शेंडीसकट.

"असो सप्ताह माझ्या जल्मात झालो नाय," दाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "म्होरल्या वर्सा पण सप्त्याच्या आधी ह्याच यंत्र पुसूचा, आनी कळ दाबूची ती ह्येंनीच. ह्येंच्या मागून ह्येंच्या घराण्यान. कशा काय रे म्हाराजा?"

"होय म्हाराजा!"

गुरुदासांनी राजीनामा खिशातून काढला आणि त्यात नारळाचं भकल गुंडाळलं. कागद जाड होता, बरा उपयोगी पडला.

देवळाच्या पायऱ्यांवर कुणीतरी धापा टाकत आलं. बाबू होता. रजा उशिरा मिळाली, थेट मुंबईच्या गाडीतून उतरून पिशवीसकट धावत आलेला.

"काका, वाटेतच कळलं सगळं! यादी गेली म्हणून काही जिवाला लावून घेऊ नका." त्याने पिशवीत हात घातला आणि एक काळी फ्लॉपी काढली. "मागे गणपतीला आलो तेव्हा एक प्रत माझ्यासाठी करून नेली होती. छप्पन्नच्या छप्पन्न पहारे आहेत. वाडीवार. आत्ता घालू यंत्रात?"

गुरुदासांनी फ्लॉपीकडे पाहिलं. हातातल्या नारळाकडे पाहिलं. मंडपात खारवाडीचा पखवाजवाला माळवाडीच्या पेटीवाल्याला दही भरवत होता, तिकडेही पाहिलं. मग त्यांनी फ्लॉपी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, आणि नीट मध्यावर धरून तिची घडी घातली. मग आणखी एक.

"शिवा," ते शांतपणे म्हणाले, "कलश खंय आसा रे?"